दिवेवालीच्या खोलीची कडी

माझी नणंद चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तरुण वयात लागली, आता केस रंगवायचेही सोडून दिलेत, तरी तिथेच आहे. मालक बदलले, काउंटरची काच बदलली, फ्रेमा गोलाच्या चौकोनी होऊन पुन्हा गोल झाल्या. ती मात्र गिऱ्हाइकाला चष्मा दाखवते तो पहिल्या दिवशी दाखवत होती तसाच. काच पुसायची, काड्या उघडायच्या आणि चष्मा त्याच्यापुढे धरायचा. त्याच्या नाकावर आपण ठेवायचा नाही. नव्या मुली उत्साहाने गिऱ्हाइकाच्या तोंडावर चष्मा चढवायला जातात, तेव्हा ही काउंटरखालून त्यांना चिमटा काढते. "तोंड त्यांचं आहे ना? मग हातही त्यांचाच लागू दे."

या एका सवयीवर तिने अख्खा मुसाफिरखाना चालवलाय, हे मला फार उशिरा कळलं.

ती आमच्याकडेच राहते. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणते, "बघायला आलेल्यांनी कळवतो म्हणून सांगितलं होतं. अजून कळवतायत." वयाने माझ्याहून लहान, पण मी तिला 'वन्सं' म्हणते, निम्मं थट्टेने. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, तिला अजून 'बारके' म्हणतो. संध्याकाळी दुकानातून आली, चहा झाला, की ती जिन्याखालच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसते. आम्हाला वाटायचं, लाइटबिलं भरते. एवढी लाइटबिलं कुणाची असतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

एकदा मी चादरींच्या घड्या घेऊन मागून गेले तर पडद्यावर लिहिलेलं दिसलं: 'म्हाताऱ्याने उरलेला एक डोळा बारीक केला आणि चाकू टेबलात रोवला.'

"वन्सं, हे काय गं?"

"मी आहे ती," ती म्हणाली. "म्हणजे तो. गलबतावरचा म्हातारा."

मग सांगितलं सगळं. तीसेक माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली, गावोगाव बसून मिळून एक गोष्ट लिहितात. समुद्राच्या कडेला जुना मुसाफिरखाना आहे. धुकं हटत नाही म्हणून बोट सुटत नाही, बोट सुटत नाही म्हणून उतारू अडकलेत. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं आणि एक खोली घ्यायची. एकाने चार ओळी लिहायच्या, त्यातलं टोक धरून दुसऱ्याने पुढे न्यायचं. असं गेली कित्येक वर्षं चाललंय.

"म्हणजे नाटकच की."

"नाटकात पुढचं वाक्य पाठ असतं, वहिनी. इथे समोरचा काय करील ते त्यालाच माहीत."

दिवसभर लोकांचे डोळे नीट करायचे आणि घरी येऊन एकडोळ्या व्हायचं, याचं मला हसू आलं. पण तो मुसाफिरखाना म्हणजे पोरखेळ नव्हता. तिथे शिस्त होती, आणि ती हिने लावलेली. पहिला नियम चष्म्याचाच. आपला माणूस आपला, दुसऱ्याचा हात आपण हलवायचा नाही. कप पुढे करा, तो घेतो की भिंतीवर फेकतो ते त्याला लिहू द्या. लिहिताना शेवटी काहीतरी उघडं ठेवा, पुढच्याला धरायला टोक मिळालं पाहिजे. मार खाल्ला तर लागू द्या. एका नव्या पोराच्या शिपायाला तीनदा सुरा लागला तरी गडी शीळ घालत फिरत होता. हिने त्याला मागच्या अंगणात बोलावून लिहिलं, बाबा रे, एकदा तरी 'आई गं' म्हण. मागचं अंगण म्हणजे गोष्टीबाहेरची जागा. तिथे लिहिणारे आपल्या खऱ्या आवाजात बोलतात, भांडतात, माफी मागतात. गोष्टीतलं भांडण तिथे आणायचं नाही, तिथलं गोष्टीत न्यायचं नाही.

सगळ्यात जड नियम कळण्याचा. आपल्याला कळलं म्हणून आपल्या माणसाला कळत नाही. कुठल्याशा ऑफिसात कारकुनी करणारे एक सभ्य गृहस्थ तिथे विषवैद्य झालेले आहेत. सगळे त्यांना तेच म्हणतात. त्यांनी एकदा दुसऱ्याच्या खोलीतला प्रसंग वाचला आणि त्यांचा विषवैद्य लगोलग त्या खोलीतल्या उशीखालची थैली काढायला गेला. हिने त्यांना परत फिरवलं. "थैली तुम्ही वाचलीत. तुमचा माणूस तेव्हा तळघरात होता." विषवैद्य आठवडाभर रुसले. मग त्यांचा माणूस तळघरातच बसून राहिला.

आणि कडीचा नियम. कुणाची परीक्षा आली, बाळंतपण आलं, दुखणं आलं, तर आपला माणूस खोलीत जातो आणि दार ओढून घेतो एवढं लिहायचं. कडी घालायची नाही. बाकीचे त्या दारावरून जातात, पण ढकलत नाहीत. कायमचं जायचं असेल तर आतून कडी घालायची, आपल्या हाताने. मग ती खोली पुढे दुसऱ्याला देता येते. कडी न घातलेली खोली देता येत नाही. म्हणजे तो येणार आहे.

तिथे एक दिवेवाली होती. मुसाफिरखान्याच्या गच्च अंधाऱ्या बोळांतले दिवे लावायचं काम तिचं. लिहिणारी विशीतली पोरगी होती एवढंच हिला माहीत. अडीअडचणीला म्हणून हिने आपला नंबर तिला देऊन ठेवला होता, तिचा कधी मागितला नाही. गोष्टीबाहेरही ती हिला 'म्हातारबा' म्हणायची. तिचं लिहिणं हिने मला मुद्दाम वाचायला दिलं होतं. दोन-तीनच ओळी. 'तिने दिवा लावला आणि ती बाजूला सरकली.' बस. उजेडात कोण दिसलं, घाबरलेलं दिसलं की रडताना सापडलं, हे तिने कधी लिहिलं नाही. ते ज्याचं त्याने लिहायचं.

"बघ," नणंद म्हणाली होती, "हिला काही शिकवावं नाही लागलं. उलट नव्यांना हीच शिकवते."

मग त्या पोरीने एकदा खाजगीत लिहिलं, 'म्हातारबा, ऑपरेशन आहे. कडी घालत नाहीये हं. माझी खोली कुणाला दिलीस तर बघ.' गोष्टीत दिवेवाली खोलीत गेली, दार ओढून घेतलं. त्यानंतर काही नाही.

महिने गेले. बोळांतले दिवे कुणी लावेना, कारण ते तिचं काम. सगळे अंधारात लिहू लागले. भिंतीला हात लावून चालणारी, जिन्यावर ठेचकाळणारी, एकमेकांना आवाजावरून ओळखणारी माणसं. तिच्या दाराशी आलं की प्रत्येक जण पाय न वाजवता पुढे जायचा. कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. मी कधीमधी नणंदेच्या खांद्यावरून वाचायची आणि मला आमच्याच जिन्याखाली उभं राहायला नको वाटायचं.

नवरा जेवताना विचारायचा, "काय बारके, आज तुझ्या धर्मशाळेत कोण मेलं?"

"तुझ्यासारखं चौकशा करणारं कुणीतरी," ती म्हणायची. पण हसायची नाही.

मग एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. कणीक भिजवत होते, तशीच गेले. "वाच."

'दिवेवालीच्या खोलीचं दार उघडलं.'

खाली मागच्या अंगणात नुसता कल्लोळ. कुठे होतीस, बरी आहेस ना, विषवैद्यांनी तर लिहिलं होतं, बाई, तुझ्या काळजीने माझ्या हातून एक खून राहिला. मी म्हटलं बरं झालं, आली पोरगी. पण नणंद पडद्याकडे तशीच बघत होती.

"पुढचं वाच."

'दिवेवाली बाहेर आली. म्हातारबांचा कोट ओला होता. तिने तो काढला, खुंटीला लावला, त्यांना खुर्चीत बसवलं, गरम दूध दिलं. त्यांनी सगळं दूध प्यायलं. मग तिने त्यांना पांघरूण घातलं आणि ते झोपले.'

"तुझ्या म्हाताऱ्याची चंगळ आहे," मी म्हटलं.

"माझा कोट तिने काढला, वहिनी. मला दूध पाजलं. मला झोपवलं." तिचा आवाज उतरला होता. "ती असं कधी करणार नाही."

"आजारातून उठलीय. विसरली असेल."

"चालायचं कसं ते माणूस विसरतं का?"

त्यानंतर मुसाफिरखान्यात काही चालेचना. दिवे लागले, पण जिथे दिवा लागेल तिथला माणूस झोपू लागला. शिपाई भिंत चढत होता, दिवेवालीने त्याला खाली उतरवून त्याची जखम धुतली, तो झोपला. एक बाई आपल्या नवऱ्याला सोडून पळून चालली होती, तिला पोटभर जेवायला घालून झोपवलं. विषवैद्यांनी अंगणात वैतागून लिहिलं, 'माझा माणूस हातात बाटली घेऊन दबा धरून उभा आहे, आणि ही त्याला शाल गुंडाळते! अशाने मी कुणाला मारू?' काही जण हसले. काही जणांना मात्र त्यात मजा वाटेना. तीस झोपलेली माणसं, आणि सगळ्या बोळांत दिवे. मीही ते वाचून लगेच मागे सरले.

नणंदेचं जेवण कमी झालं. तिथला एक नियम असा होता की दुसऱ्याच्या नावाने कुणी लिहायचं नाही. तसं कुणी सापडलं तर अकाउंट बंद, दुसरं बोलणं नाही.

"मग कर की बंद," मी म्हटलं.

"आणि तीच असली तर? मरणाच्या दारातून आलेल्या पोरीला मी हाकलून देऊ, तू ती वाटत नाहीस म्हणून?" ती चष्म्याची काच पुसत बसली होती, स्वतःच्याच, पुसलेलीच. "आणि ती नसली, तर मग ती कुठे आहे?"

तिने खाजगीत लिहिलं. साधंच, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. दुसऱ्याच्या माणसाला आपण काही करायला लावत नाही, विचारून थांबतो. उत्तर आलं, 'चुकलं. कसं लिहायचं ते शिकवाल का?' ते वाचून नणंदेने कॉम्प्युटरच बंद केला.

मग तिने जे केलं ते गोष्टीतच केलं. तिचा म्हातारा जागा झाला, बोळात दिवेवालीसमोर जाऊन उभा राहिला आणि विझलेला कंदील त्याने पुढे केला. 'कंदील पुढे धरून तो थांबला,' एवढंच लिहून ती उठली. बरेच दिवस उत्तर आलं नाही. कंदील तसाच.

रविवारी सकाळी फोन आला. मी मटार सोलत होते आणि ती माझ्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळत होती, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"तुम्ही त्या डोळा नसलेल्या म्हाताऱ्याच्या बाई का?" पलीकडून बाईचा आवाज. माझ्याच वयाचा. "तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर 'म्हातारबा' म्हणून होता. मी म्हटलं, पुरुषमाणूस उचलेल."

नणंदेने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "बोला ना."

"मी तिची आई."

मटाराची शेंग माझ्या हातात तशीच राहिली.

"ती ऑपरेशनमधून बाहेर आलीच नाही हो," बाई म्हणाल्या. अगदी सरळ आवाजात, पुष्कळदा सांगून झालेलं असतं तसं. "फोन मी चालू ठेवलाय. उघडला की तुमचंच पान येतं. तिने शेवटी लिहिलेलं, खोलीत गेली, दार ओढून घेतलं. आणि खाली तुम्ही सगळे. एकेक जण दारावरून जातोय, पाय न वाजवता. रोज वाचायची मी. एकानेही हाक मारू नये? मला इतका राग यायचा! म्हटलं, काय माणसं आहेत. उघडा की कुणीतरी ते दार!"

"आम्हाला उघडता येत नाही," नणंद म्हणाली.

"का?"

"दार तिचं आहे."

मग त्या म्हणाल्या, "मला ते नियम-बियम माहीत नव्हते. मी उघडलं. उघडल्यावर पुढे काय करायचं कळेना. मला येतं तेच केलं. ओला आहे तर कोट काढ, भूक लागलीय तर वाढ. आणि झोपव. शेवटी शेवटी तिला झोप लागायची नाही ना."

नणंदेने डोळे मिटले.

"तुम्ही कंदील धरून उभ्या राहिलात," बाई म्हणाल्या. "मी लिहायला घेतलं की तिने तो लावला. पण लावणार ती होती. माझ्याने लिहवेना. म्हणून फोन केला. आता काढून टाकाल ना मला?"

"दिवेवाली म्हणून तुम्हाला लिहिता येणार नाही."

"बरं." मग पुन्हा, "बरं. कडी घालू का मग? तसा नियम आहे ना? मी आता मागचं सगळं वाचलंय."

"नको," नणंद एवढ्या जोरात म्हणाली की आतल्या खोलीतून नवरा डोकावला. मी त्याला हाताने परत पाठवलं. "तिने मला सांगितलं होतं, घालत नाही म्हणून. ती तुम्हालाही घालता येणार नाही, मलाही नाही."

"म्हणजे ती खोली अशीच?"

"अशीच."

"किती दिवस?"

"आम्ही लिहितोय तोवर."

बाई रडल्या असाव्यात. आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "दार मी उघडलंय. शेवटचं एकदा तिला आत नेऊ? बाहेर बोळात कशी उभी ठेवू?"

"न्या," नणंद म्हणाली. "आणि मग तुम्ही या. तुमच्या नावाने. खोली आहे."

"मी? मी कोण होऊ?"

"कुणीही. दारात येऊन उभ्या राहा, मग कळेल."

त्या दिवशी दुपारी दिवेवाली खोलीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. एवढीच ओळ. दोन-तीन शब्दांची जागा शेवटी रिकामी सोडल्यासारखी वाटली मला, पण तो माझा भास असेल.

मागच्या अंगणात नणंदेने सगळ्यांना खरं ते सांगितलं. तिथे काय लिहिलं गेलं ते इथे सांगत नाही. विषवैद्यांनी शाल गुंडाळल्याबद्दल कुरकुर केली म्हणून त्या आईची माफी मागितली, एवढं सांगते. मग शिपायाच्या पोराने विचारलं, "आता गोष्टीत काय करायचं? दिवेवाली गेली असं लिहायचं का?"

मी नणंदेच्या शेजारी स्टूल ओढून बसले होते. मग तिने टाइप केलं: 'आपल्याला कळलं. आपल्या माणसांना कुठे कळलंय?'

मला आधी नीटसं समजलं नाही. मग समजलं. त्या मुसाफिरखान्यातली तीस माणसं अजून तिची वाट बघणार होती. लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत, आणि लिहिलेल्या एकालाही नाही. ती रोज त्या दारावरून पाय न वाजवता जाणार, आज नाही तर उद्या येईल म्हणून. नियमच तसा. त्यांना सांगणार कोण? सांगायला कुणीतरी बाहेरून आत यायला हवं, आणि आत येणाऱ्याला बाहेरचं माहीत नसतं.

"हे फार क्रूर आहे गं, वन्सं," मी म्हटलं.

"मग काय करू? तूच सांग," ती म्हणाली. "कुणाच्या हाताने मारू तिला?"



आई आल्या. किती दिवसांनी ते आता आठवत नाही. मुसाफिरखान्याच्या मोठ्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात बोचकं. 'धुक्यातून आले आहे. आत येऊ का?' असं लिहून त्या थांबल्या. अगदी थांबल्या. शिपायाने दार उघडलं, कुणी खुर्ची पुढे केली, ती खुर्ची त्यांच्या बाईने घेतली की नाही ते त्यांनीच लिहिलं. मग त्यांची बाई म्हाताऱ्यासमोर आली.

'तुमचा कोट ओला आहे. काढून देता का?'

नणंद हसली. कितीतरी महिन्यांनी. "शिकली," म्हणाली. आणि तिच्या म्हाताऱ्याने कोट काढला, बाईच्या हातात दिला. त्या चार ओळी लिहायला तिने चहा गार होईपर्यंत वेळ घेतला.

पुढची ओळ आली. बाईने कोट खुंटीला लावला. बोळात पुन्हा अंधार होता. तिने विचारलं, 'इथे दिवे कोण लावतं? आणि या ओढलेल्या दाराआड कोण राहतं?'

नियमाप्रमाणे बरोबर होतं. आईला माहीत होतं, पण तिची बाई आत्ताच धुक्यातून आलेली, तिला काय माहीत असणार? विचारणं भागच होतं तिला. आणि उत्तर म्हाताऱ्याने द्यायचं होतं.

स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "बारके, चल जेवायला! मेलं का कुणी?"

मी उठून गेले आणि त्याला गप्प केलं. परत आले तेव्हा तिने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. बोटं कळांवर तशीच. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी तिने चष्मा काढला, काच साडीच्या पदराला पुसली, काड्या उघडल्या, आपल्या हाताने तो नाकावर ठेवला आणि लिहिलं:

'म्हातारा म्हणाला, दिवे लावणारी पोरगी आहे आमची. तिचीच खोली. कडी घातलेली नाही.'

आणि शेवटचं टोक पुढच्यासाठी उघडं ठेवून ती थांबली.